वेलांटी दांड्याला टेकली पाहिजे

(दहावी १९९५ च्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण, स्मरणिकेसाठी थोडं नीटनेटकं करून)



संयोजन समितीने मला विषय दिला होता 'माझा कॉम्प्युटर क्षेत्रातला प्रवास'. मी म्हटलं, त्यावर बोलले तर जेवणाच्या आधीच निम्मे जण पेंगतील, त्यापेक्षा चित्रकलेच्या तासावर बोलते. पलीकडून प्रश्न आला, "अगं, पण तू सॉफ्टवेअरमध्ये आहेस ना?" आहे. २००१ पासून आहे. आणि इतक्या वर्षांत नोकरीत मला सगळ्यांत जास्त कामाला आलेली गोष्ट कोणती, असं कुणी विचारलं तर मी शाळेतला चित्रकलेचा तासच सांगते. सर समोर बसलेत म्हणून बरं वाटावं यासाठी हे म्हणत नाहीये. कसं कामाला आलं ते आज हिशेबाने सांगणार आहे, आणि शेवटी त्या हिशेबावर तुमच्याकडे एक मागणी ठेवणार आहे. तेवढं ऐकल्याशिवाय कुणी पंगतीला पळू नका.

तुम्हाला आठवत असेल, आपल्यातले बरेच जण एलिमेंटरीला आणि मग इंटरमीजिएटला बसलो होतो. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि भूमिती-अक्षरलेखन. स्मरणचित्राला 'बाजार' किंवा 'पाणवठा' आला की सगळ्या वर्गाच्या कागदावर त्याच एका झाडाखाली त्याच चार बायका उभ्या असायच्या. वस्तुचित्राला मात्र अशी चलाखी चालत नसे. समोर बादली असायची. बादलीचं तोंड गोल असतं हे आपल्याला माहीत असतं, म्हणून हात गोल काढायला जातो. डोळ्याला मात्र ते लंबगोल दिसतं. शिवाय वरचा लंबगोल चपटा आणि तळाचा त्याहून फुगीर दिसतो, कारण तळ आपल्या नजरेच्या पातळीपासून जास्त खाली असतो. सर मागून यायचे, कागदाकडे बघायचे आणि म्हणायचे, "तुला काय माहीत आहे ते काढू नकोस. दिसतंय ते काढ." तेव्हा ते बादलीपुरतं वाटलं होतं.

अक्षरलेखनाच्या पेपरला आपण चौकटी आखून अक्षरं बसवायचो. त्याचा सराव म्हणून सरांनी मला दोन वर्षं वर्गाबाहेरचा सुविचाराचा फळा दिला होता. सकाळी प्रार्थनेच्या आधी लिहून व्हायला हवा. सर व्हरांड्याच्या पार दुसऱ्या टोकाला उभे राहून बघायचे आणि तिथून ओरडायचे, "ती वेलांटी बघ. हवेत लटकते आहे. दांड्याला टेकली पाहिजे!" पहिल्या वेलांटीची कमान अक्षराच्या दांड्यावर जिथे शिरोरेषेला मिळते, तिथेच येऊन थांबली पाहिजे, अलीकडे नाही आणि पलीकडे नाही. जवळून हे कळत नाही. दहा पावलं मागे गेलं की लगेच दिसतं. सुविचार काय होते त्यातला एकही मला आज आठवत नाही, वेलांटी मात्र डोक्यात पक्की बसली.

माझे दुसरे गुरू शाळेतले नव्हते. एसटी स्टँडसमोर पत्र्याच्या शेडमध्ये पेंटरकाकांचं दुकान होतं. त्यांची लेक आपल्याच वर्गातली, आज तिसऱ्या रांगेत बसली आहे आणि तिची परवानगी घेऊनच मी हे सांगते आहे. नववीच्या मे महिन्यात मी तिच्याकडे खेळायला म्हणून जायची आणि काकांच्या दुकानात बसून राहायची. गावातली निम्मी दुकानं, पतसंस्था, दवाखाने, ट्रकच्या मागच्या फळ्या आणि गणेशमंडळांचे बोर्ड त्यांच्या हातचे होते. पाटीला रंगाचा हात देऊन झाला की काका निळीत बुडवलेली दोरी दोन टोकांना ताणून धरायला लावायचे आणि मधे एक टिचकी मारायचे. सरळ शिरोरेषा तयार. मग खडूने शब्द हलके मांडायचे. मी एकदा विचारलं, "काका, अक्षरं मोजून जागा सारखी का नाही वाटत?" ते म्हणाले, "'किराणा' लिहून बघ. अक्षरं तीन. पण 'र' अर्धी जागा खातो, 'ण' दीड खातो. सारखी वाटणी केलीस तर 'र'च्या दोन्ही बाजूंना बैलगाडी जाईल."

त्यांच्याकडे फूटपट्टी होती, पण ती रंगाचे डबे उघडायला. तरी त्यांची पाटी मापात वाटायची. त्यामागचं कारण मला खूप नंतर पुस्तकांतून कळलं. 'ट', 'ठ', 'ढ' यांसारखी गोल बुडाची अक्षरं बाकीच्यांच्या बरोबर तळरेषेवर आणून थांबवली तर डोळ्याला आखूड दिसतात, म्हणून ती किंचित खाली उतरवावी लागतात. आडवी आणि उभी रेघ एकाच जाडीची काढली तर आडवी जाड दिसते, म्हणून ती जराशी बारीक ठेवावी लागते. म्हणजे मोजून बरोबर आलेलं दिसायला चुकीचं ठरतं, आणि दिसायला बरोबर यावं म्हणून माप थोडं मोडावं लागतं. अक्षरं घडवणारे जगभर हे करत आले आहेत. काकांना हे कुणी शिकवलेलं नव्हतं. ते पाटी रस्त्याच्या पलीकडून बघायचे, परत यायचे, 'ठ'च्या बुडाला ब्रशचं टोक लावायचे आणि पुन्हा पलीकडे जायचे.

दहावीनंतर काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. मार्क चांगले पडले म्हणजे सायन्स, सायन्स म्हणजे इंजिनिअरिंग. जे. जे. स्कूलचा विषय घरात निघाला नाही असं नाही, निघाला आणि चहा संपायच्या आत मिटला. माझ्या आईवडिलांना मी दोष देत नाही. तीन भावंडं, एका माणसाचा पगार, आणि चित्रं काढून पोट भरलेला माणूस आमच्या नात्यागोत्यात एकही नव्हता.

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला मी घाबरून गेले होते. सगळं इंग्रजीतून, आणि आजूबाजूला शहरातल्या इंग्रजी माध्यमातून आलेली मुलं. पण ड्राफ्टर आणि शीट हातात आलं त्या दिवशी चित्र पालटलं. एक वस्तू समोरून कशी दिसेल, वरून कशी, बाजूने कशी, हे कागदावर मांडायचं असतं. वर्गातली हुशार मुलं त्यावर डोकं धरून बसली होती आणि मला वाटलं, ही तर बादलीच आहे. इथल्या इंजिनिअर मंडळींना 'जीटी' माहीत असेल. काचेखाली दिवा लावून दुसऱ्याचं शीट उतरवून घ्यायचं, त्याला ग्लास ट्रेसिंग म्हणतात. माझी शीटं हॉस्टेलच्या त्या काचांवर इतकी फिरली की परत यायची तेव्हा पोळ्यांसारखी मऊ झालेली असायची.

नोकरी पुण्यात लागली. पहिली काही वर्षं सगळं काम इंग्रजी पडद्यांचं. मग आमच्या टीमकडे शेतकऱ्यांसाठीच्या एका सेवेचे अर्ज मराठीत आणायचं काम आलं. पहिल्याच पडद्यावर मोठ्या अक्षरांत मथळा होता: 'शेतकर्यांसाठी'. म्हणजे 'य'च्या डोक्यावर रफार. मी म्हटलं, हे चुकलं आहे, 'शेतकऱ्यांसाठी' हवं. बैठकीत दहा जण होते, काही दुसऱ्या राज्यांतले, काही आपलेच. सगळ्यांनी पडद्याकडे बघितलं आणि विचारलं, "फरक काय आहे?"

फरक काय आहे ते आपल्याला बाईंनी पाचवीत शिकवलंय. 'आचार्यास दक्षिणा द्या' आणि 'आचाऱ्यास दक्षिणा द्या', यांत एकीकडे गुरुजींचं पाकीट भरतं आणि दुसरीकडे स्वयंपाक्याचं. संगणकात ही दोन रूपं वेगळी ठेवण्याची सोय आहे. साधा 'र', हलंत आणि 'य' एकापुढे एक आले की रफार होतो. 'ऱ' हे वेगळं अक्षर वापरून त्याला हलंत आणि 'य' जोडला की आपला चंद्रकोरीसारखा 'ऱ्य' येतो. सोय होती, पण ती वापरायला हवी हे दिसणारा डोळा त्या खोलीत नव्हता. तो मथळा तसाच गेला असता तर ज्यांच्यासाठी तो अर्ज होता त्या माणसांनी पहिलाच शब्द चुकलेला वाचला असता. आपल्या भाषेत आपल्यालाच चुकीच्या नावाने हाक मारणाऱ्या कागदावर कोण कशाला विश्वास ठेवेल?

त्या दिवसापासून टीममध्ये मराठीचं काही अडलं की ते माझ्याकडे यायला लागलं. हळूहळू मी त्याच कामात गेले, म्हणजे आपण टाइप केलेली अक्षरं पडद्यावर नीट मांडणाऱ्या सॉफ्टवेअरच्या कामात. हे थोडं समजावून सांगते, कारण त्यात आपल्या सरांचा हात आहे. 'कि' म्हणताना आपण आधी 'क' म्हणतो, मग 'इ'. संगणक त्याच क्रमाने साठवतो: 'क', मग वेलांटी. पण दिसताना वेलांटी 'क'च्या डावीकडे दिसायला हवी. म्हणजे ती उचलून पुढे नेऊन ठेवावी लागते. 'स्थि' असेल तर दोन अक्षरं ओलांडून न्यावी लागते. ठेवली, झालं काम, असं यंत्राला वाटतं. पण 'कि'वरची कमान 'स्थि'ला पुरत नाही. जुन्या कित्येक फॉन्टमध्ये वेलांटी एकाच मापाची असायची आणि रुंद जोडाक्षरावर ती अर्ध्यातच थांबायची. चांगल्या फॉन्टमध्ये वेगवेगळ्या रुंदीच्या वेलांट्या काढलेल्या असतात आणि कोणत्या अक्षराला कोणती लावायची याचे नियम फॉन्टच्या आतच लिहिलेले असतात. मी असे नियम लिहिले आणि तपासले. आणि तपासताना, खरं सांगते, कानात व्हरांड्याच्या त्या टोकावरून आवाज यायचा: दांड्याला टेकली पाहिजे!

याच काळात मला र. कृ. जोशी यांचं काम सापडलं. कवी म्हणून त्यांचं नाव मराठीच्या बाईंकडून ऐकलं होतं. ते जे. जे.त शिकलेले सुलेखनकार, 'उल्का' या जाहिरात संस्थेत कलादिग्दर्शक, मग पवईला आयआयटीच्या औद्योगिक अभिकल्प केंद्रात प्राध्यापक. आणि विंडोजबरोबर आपल्या सगळ्यांच्या संगणकात आपोआप आलेला 'मंगल' हा देवनागरी फॉन्ट त्यांचा. मला हे कळलं तेव्हा मी खुर्चीत सरसावून बसले. बोरूने मोठमोठ्या कागदांवर अक्षरं काढणारा माणूस संगणकाकडे पाठ फिरवून बसला नाही. तो प्रोग्रॅमर लोकांच्या शेजारी जाऊन बसला. २००८ साली ते गेले. मला त्यांना भेटता आलं नाही, पण हाताकडून संगणकाकडे जाणारी वाट आहे, आणि ती मराठी माणसाने चालून दाखवली आहे, हा आधार फार मोठा होता. दुसरे कमल शेडगे. नाटकांच्या जाहिरातींत आणि मासिकांच्या मुखपृष्ठांवर त्यांनी काढलेली शीर्षकं आपण लहानपणी कोण काढतंय हे न कळता बघत आलो. शब्दाचा अर्थ अक्षरांच्या वळणात उतरवणारा असा माणूस विरळा. तेही २०२० मध्ये गेले.

मग मी रविवारी सुलेखनाच्या वर्गाला जायला लागले. वय तिशीच्या पुढे, वर्गात कॉलेजची मुलं. बोरूचं टोक कसं छाटायचं इथपासून सुरुवात. देवनागरीसाठी बोरूचा छेद रोमनच्या उलट कलाचा असतो, म्हणून आपल्या अक्षरांत जाड-बारीक त्यांच्या उलट बाजूंना पडतं. पुढे पडद्यावर अक्षरं काढायला शिकले. तिथे ब्रश नाही आणि बोरूही नाही, तिथे बिंदू असतात. वळणाच्या दोन टोकांना दोन बिंदू, आणि प्रत्येकाला एकेक मूठ. मूठ ओढली की वळण वाकतं. हे गणित १९६० च्या आसपास फ्रान्समध्ये मोटारींचे पत्रे वाकवण्यासाठी तयार झालं. रेनोमध्ये पिएर बेझिए आणि सित्रोएनमध्ये पॉल द कास्तेल्जो, दोघंही गाड्यांच्या कंपन्यांत काम करणारे. आज आपला 'ज्ञ' त्याच गणिताने वळतो. नवशिका माणूस एका वळणावर वीस बिंदू ठेवतो आणि वळण कुबड्या घेतल्यासारखं दिसतं. चारच ठेवायचे, पण नेमक्या जागी. ती जागा कुठली हे सॉफ्टवेअर सांगत नाही.

आता पेंटरकाकांकडे परत येते. आपण गाव सोडलं त्यानंतर काही वर्षांत फ्लेक्स आला. काकांची पाटी वाळायला दोन दिवस लागायचे, फ्लेक्स तासाभरात हातात मिळायचा, आणि त्यावर मालकाचा फोटोही यायचा. बाजारपेठ बघता बघता बदलली. काकांनी काही दिवस शाळांच्या भिंती रंगवल्या, निवडणुकीत भिंती रंगवल्या, मग तेही थांबलं. मी ज्या प्रकारचं सॉफ्टवेअर लिहून पगार घेत होते, तसल्याच सॉफ्टवेअरने त्यांचं दुकान बंद पडलं होतं. मी नसते तर कुणी दुसऱ्याने लिहिलं असतं, हेही खरं. पण त्यांच्या घरी जाताना ही गोष्ट मनात असायची.

२०१६ च्या दिवाळीत मी आणि त्यांची लेक अशा दोघींनी मिळून गावभर फिरून काकांच्या उरलेल्या पाट्या शोधल्या. अकरा सापडल्या. एक पिठाच्या गिरणीवर, एक बंद पडलेल्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानावर, एक गोठ्याचं दार म्हणून उभी. फोटो काढले आणि ठरवलं की काकांच्या अक्षरांचा फॉन्ट करायचा. दिल्लीत हनीफ कुरेशींनी रस्त्यावरच्या पेंटरांची अक्षरं अशीच संगणकावर आणली होती, ते बघून धीर आला होता. अकरा पाट्यांत 'ज्ञ' भरपूर मिळाले, ज्ञानेश्वर माउलींची कृपा. 'ङ' आणि 'ञ' एकदाही नाही. काका म्हणाले, "चाळीस वर्षांत कुणी मागितलाच नाही." ते नव्याने काढायला हवे होते आणि काकांचा हात तेव्हा कापायला लागला होता. ब्रश धरला की रेघ थरथरायची. दोन-तीन कागद फाडून ते म्हणाले, "राहू दे पोरी. आता नाही व्हायचं."

मी लॅपटॉप त्यांच्या पुढ्यात ठेवला आणि म्हटलं, "काका, हात माझा. तुम्ही नुसतं सांगा."

पुढचे कित्येक सुट्टीचे दिवस आम्ही तसे बसलो. मी बाणाची कळ दाबून बिंदू एकेक पाऊल सरकवायची आणि ते बघायचे. "अजून. अजून. बास. एक मागे." 'ढ'चं बूड, 'श'ची गाठ, 'क्ष'चं पोट. कधी कधी लॅपटॉप घेऊन मला ओसरीच्या पार टोकाला जाऊन उभं राहायला लावायचे, पाटी रस्त्याच्या पलीकडून बघायची तसे बघायचे आणि तिथून सांगायचे. बिंदू कुठे ठेवायचे हेही तेच सांगायला लागले. "इथे मी ब्रश वळवायचो, इथे ठेव." आणि बहुतेक वेळा बिंदूची योग्य जागा तीच निघायची.

एकदा पूर्ण ओळ पडद्यावर आली तेव्हा ते बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "हे सगळे काने सारखे का? पलटणीतले शिपाई उभे केल्यासारखे?" मी म्हटलं, "काका, संगणकात काना एकच असतो, तोच सगळीकडे येतो." ते म्हणाले, "मी शेवटचा काना थोडा खाली ओढायचो. शब्द संपला हे दिसायला नको?" मी जुन्या फोटोंत जाऊन बघितलं. प्रत्येक पाटीवर तसंच होतं. त्या रात्री मी तीन काने काढले आणि नियम लिहिला: शब्द संपत असेल तर लांब काना घे. दुसऱ्या दिवशी दाखवलं. ते हसले. "आता माझं आहे."

तिथे मला एक गोष्ट उमगली. काकांचा हात गेला होता, डोळा शाबूत होता. यंत्राने त्यांना हात उसना दिला, आणि तो त्यांच्या तरुणपणीच्या हातापेक्षाही स्थिर होता. यंत्राकडे नव्हतं ते 'बास' म्हणणं. बिंदू अजून एक पाऊल सरकवू का, असं विचारलं तर यंत्र कायम हो म्हणतं. कुठे थांबायचं ते काकांना ठाऊक होतं, कारण चाळीस वर्षं त्यांच्या हाताने रंग लावला होता आणि चुकलं की तो पुसून पुन्हा लावला होता. डोळा असा हातातूनच तयार होतो. नुसतं बघून तो झाला असता तर आपण सगळेच पेंटर झालो असतो.

काका २०२१ मध्ये गेले. फॉन्ट अर्ध्यावर आहे. जोडाक्षरं बरीच राहिली आहेत, ती मी रात्री बसून करते. करताना 'बास' आता माझं मलाच म्हणावं लागतं. मला ते म्हणता येतं, कारण आठवीपासून कुणीतरी माझ्या हातात पेन्सिल, खडू, ब्रश दिला आणि लांब उभं राहून बघितलं.

परवा आपल्यातल्या एकाचा मुलगा मला म्हणाला, "मावशी, आता एआय चित्र काढतं, मग शिकायचं कशाला?" प्रश्न चांगला आहे. मी त्याला म्हटलं, त्याला एक पाटी काढायला सांगू. त्याने चार काढून दिल्या. दोनांत 'ळ' भलताच होता, एकात शिरोरेषाच मधे तुटलेली. चौथी बरी होती. मी विचारलं, यातली कुठली घेशील? त्याने दुसरी उचलली, 'ळ' चुकलेली. मुलगा हुशार आहे, नव्वद टक्के मिळवतो. त्याला दिसत नाही, कारण त्याने आयुष्यात 'ळ' वळणदार काढायचा प्रयत्न कधी केलेलाच नाही. यंत्रं आणखी सुधारतील, पुढच्या वर्षी चारही पाट्या बिनचूक येतील. त्यातली चांगली कुठली, हे तेव्हाही माणसालाच सांगावं लागेल.

आणि दूर कशाला जायचं? सकाळी येताना आपल्याच फाटकावरचा फ्लेक्स बघितलात? आपल्या शाळेच्या नावातला 'श' आणि 'ल' हिंदी वळणाचे आहेत. मराठी वळणाचे 'श' आणि 'ल' कोणते, ते शासनाने २००९ साली निर्णय काढून ठरवून दिलंय. आजच्या चांगल्या फॉन्टमध्ये ते असतातही, मजकूर मराठी आहे एवढं सांगायला लागतं. समितीवर राग नाही, त्यांनी उन्हातान्हात फार धावपळ केली आहे. पण ज्या शाळेत आपण 'श' गिरवला तिच्या फाटकावरच तो परका झाला आणि शेकडो लोक त्याखालून आत आले, एवढंच लक्षात आणून देते.

आता मागणी. आपल्या बॅचचा निधी जमतो आहे आणि त्यातून डिजिटल वर्ग करायचं ठरलंय. त्याला माझा पूर्ण पाठिंबा आहे. यंत्रं निवडायला, बसवायला आणि मास्तरांना शिकवायला मी स्वतः येईन. पण काल मी शाळा फिरून बघितली. चित्रकलेच्या वर्गाला कुलूप आहे. आत मोडकी बाकं आणि जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे भरलेत. सर निवृत्त झाल्यापासून चित्रकलेला पूर्णवेळ शिक्षक नाही. एलिमेंटरी-इंटरमीजिएटला मुलं बसतात, कारण आता त्या श्रेणीवर दहावीला वाढीव गुण मिळतात, पण तयारी परीक्षेच्या आधी महिनाभरच होते. खिडकीतून बघितलं तर आपले लाकडी ड्रॉइंग बोर्ड कोपऱ्यात अजून रचून ठेवलेले दिसले. काहींवर कर्कटकाने कोरलेली नावं इथल्याच काही प्रतिष्ठित मंडळींची आहेत.

माझं म्हणणं असं की निधीतला एक भाग त्या खोलीसाठी ठेवू या. खोली रिकामी करून चुना मारायला फार खर्च नाही. मुख्य खर्च शिक्षकाच्या मानधनाचा. आठवड्यातून तीन दिवस येणारे एक कलाशिक्षक, निदान पाच वर्षं. पहिल्या वर्षाचं मानधन मी देते, हे इथेच सांगून ठेवते. पुढच्या चार वर्षांचं तुम्ही बघा. डिजिटल वर्ग आणि चित्रकलेचा वर्ग शेजारी शेजारी असू देत, मधे दार असू दे. मुलांनी इथे बादली काढावी आणि तिथे जाऊन तीच बादली पडद्यावर उभी करावी. दोन्हींतलं बरोबर काय आणि चुकलं काय, ते त्यांचं त्यांना दिसायला लागेल.

एक विनंती सरांना. सर, तुमचे गुडघे दुखतात हे मला माहीत आहे. शिकवायला या असं म्हणत नाही. खोली उघडेल त्या दिवशी फक्त व्हरांड्याच्या त्या टोकाला खुर्ची टाकून बसा. मुलं फळ्यावर लिहितील. वेलांटी लटकलेली दिसली की तिथून ओरडा.

प्रस्ताव समितीकडे लेखी दिला आहे. जेवणानंतरच्या बैठकीत त्यावर हात वर करायचे आहेत, तेवढं लक्षात ठेवा.